लोलो शाखा : साम्य आणि पुरावा

तिबेटी-ब्रह्मी भाषाकुलातील लोलो शाखेचा ऊहापोह कोल्हापुरात बसून करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकास पडणे साहजिक आहे. युन्नान व सिच्वान प्रांतांच्या डोंगरांत, उत्तर ब्रह्मदेशात आणि थायलंड-लाओसच्या सीमेवर बोलल्या जाणाऱ्या या भाषांशी आपला कोणताही व्यवहार नाही. तथापि भाषांचे वर्गीकरण करताना आपण ‘शाखा’ हा शब्द ज्या सहजतेने वापरतो, ती सहजता तपासून पाहण्यास लोलो भाषांइतके उत्तम उदाहरण प्रस्तुत लेखकास दुसरे आढळलेले नाही. कोकणी ही मराठीची शाखा की भगिनी, अहिराणी कोणत्या घरची, चंदगड भागातील बोलीस कोठे बसवावे, हे प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपुढे नेहमी असतात. त्यांची उत्तरे बहुधा शब्दांच्या याद्या शेजारी-शेजारी मांडून दिली जातात. ही रीत कोठून आली आणि तिचा दोष कोणता, हे दूरच्या भाषांत अधिक स्पष्ट दिसते, कारण तेथे आपला अभिमान गुंतलेला नसतो.

रीत बव्हंशी ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाने रूढ केली. १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झालेल्या या प्रचंड ग्रंथमालेतील मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला. याच कोनोंच्या हातून तिबेटी-ब्रह्मी भाषांच्या तिसऱ्या खंडाचे मोठे काम झाले, आणि मुंडा व द्राविडी भाषांचा १९०६ सालचा चौथा खंडही त्यांचाच. एकाच विद्वानाने एका दशकाच्या आत संगमेश्वरी, कुडाळी, मुंडारी आणि कुकी-चिन यांचे नमुने तपासावेत, ही गोष्ट आज अद्भुत वाटते. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, ज्या मोजपट्टीने आमच्या बोली मोजल्या गेल्या तीच मोजपट्टी हिमालयाच्या पलीकडेही लावली गेली. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा, शक्य तेथे स्थानिक कथेचा अथवा गीताचा एखादा उतारा आणि २४१ शब्द-वाक्यांची ठराविक यादी, एवढ्या सामग्रीवर बहुतेक निर्णय झाले. या सामग्रीची थोरवी कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. ती नसती तर आम्हांस वाद घालायलाही काही उरले नसते. तथापि याद्यांवरून साम्य दिसते, वंश दिसत नाही, हा भेद सर्वेक्षणाने सर्वत्र सांभाळला नाही.

येथे एक अवांतर गोष्ट नमूद करण्याचा मोह होतो. आंबा घाट उतरून रत्नागिरीस गेले म्हणजे थिबा राजाचा राजवाडा लागतो. १८८५ साली मंडालेच्या गादीवरून दूर केलेला हा ब्रह्मी राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होता. ब्रह्मी ही लोलो भाषांची सर्वांत निकटची साहित्यिक भगिनी होय. म्हणजे कोनो रत्नागिरी जिल्ह्याच्या बोलींचे नमुने तपासत होते त्या वेळी त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी एक संपूर्ण कुटुंब ब्रह्मीत बोलत, भांडत आणि प्रार्थना करीत होते. राजबंद्याची भाषा ही जिल्ह्याची भाषा नव्हे, म्हणून सर्वेक्षणात तिला जागा नसणे हे रास्तच झाले. उलटपक्षी आमच्या लोकमान्यांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली. मराठी माणसाला ब्रह्मदेश परिचित आहे तो एवढ्याच वाटेने.

आता मूळ विषयाकडे वळू. प्रथम नावाचाच विचार केला पाहिजे, कारण वर्गीकरणातील निम्मे घोटाळे नावांतून उद्भवतात. ‘लोलो’ हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. चिनी लेखनात ते पशुवाचक चिन्ह जोडून लिहिले जाई आणि त्यात तुच्छता उघड होती. १९५० नंतरच्या दशकात चीनमध्ये ते टाकून देऊन ‘यी’ हे अधिकृत नाव स्वीकारण्यात आले. २०१० च्या तेथील जनगणनेत यी म्हणून नोंदलेल्यांची संख्या सुमारे ८७ लाख होती. परंतु यी हा शासकीय समाजगट आहे, भाषाशास्त्रीय शाखा नव्हे. त्या गटात परस्परांस न समजणाऱ्या अनेक भाषा मोडतात, तर लिसू, लाहू, हानी यांसारख्या त्याच शाखेच्या भाषा बोलणारे लोक वेगळे समाज म्हणून नोंदले जातात. पुढे डेव्हिड ब्रॅडली यांनी ‘ङ्वी’ हे नाव सुचविले व अलीकडील लेखनात ते पुष्कळ ठिकाणी आढळते. आम्ही येथे जुनेच नाव ठेविले आहे, ते केवळ या शाखेचा वाङ्मयीन इतिहास त्या नावाखाली घडला म्हणून. त्यात अन्य अभिप्राय नाही.

नावांच्या गोंधळाचा आणखी एक नमुना पाहण्याजोगा आहे. जुन्या ग्रंथांत कोठे ‘लोलो-मोसो’ तर कोठे ‘लोलो-मुहसो’ अशी जोडनावे भेटतात. घाईच्या वाचकास ही एकाच शब्दाची दोन उच्चारणे वाटतील. वस्तुतः मोसो म्हणजे आजचे नाशी लोक, आणि मुहसो हे लाहू लोकांस शेजाऱ्यांनी दिलेले नाव. ब्रह्मीत त्याचा अर्थ शिकारी असा होतो. दोन निराळे समाज, दोन निराळ्या भाषा. त्यांतील लाहू लोलो शाखेत निश्चितपणे बसते. नाशीचे स्थान मात्र आजही निर्विवाद नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल व्हिआल व आल्फ्रेद ल्येतार यांच्यासारख्या फ्रेंच मिशनऱ्यांनी युन्नानमध्ये राहून या भाषांची पहिली विश्वसनीय माहिती दिली, आणि १९०९ मध्ये मेजर डेव्हिस यांनी आपल्या युन्नानच्या प्रवासग्रंथास तुलनात्मक शब्दसंग्रह जोडला. ब्रह्मदेश भाषा-सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवला गेल्यामुळे लोलो भाषांना त्या ग्रंथमालेत विस्तृत वर्णन लाभले नाही. (मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर यांचीही गत तीच झाली, म्हणजे आपला मराठवाडाही प्रत्यक्ष सर्वेक्षणाबाहेर पडला.) तरी शाखेची कल्पना याच काळात रुजली. ती कशावर रुजली? भाषा एकाक्षरी आहेत, सूरयुक्त आहेत, क्रियापद शेवटी येते, प्रत्यय जवळजवळ नाहीत आणि काही शब्द ब्रह्मीशी जुळतात, एवढ्यावर. यांपैकी शेवटची गोष्ट सोडली तर एकही वंशाचा पुरावा ठरत नाही, आणि शेवटचीही जपून वापरावी लागते.

शब्द जुळण्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांत जो उत्साह असतो, त्यासाठी दोन उदाहरणे देतो. ब्रह्मी लेखनात ‘काळा’ या अर्थी ‘नाक्’ असा शब्द आहे. तिबेटी लेखनात ‘नग्’, लाहूत शेवटचे व्यंजन झिजून ‘ना’ आणि त्यापुढे कंठद्वार क्षणभर मिटते. ब्रह्मी ‘नाक्’ आणि मराठी ‘नाक’ यांचा संबंध आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण अर्थच जुळत नाही. परंतु दुसरे उदाहरण घ्या. नकारार्थी ‘म’ तिबेटीत आहे, ब्रह्मीत आहे, लाहूतही आहे. आणि संस्कृतात निषेधार्थी ‘मा’ आहे. येथे ध्वनीही जुळतो आणि अर्थही बराचसा जुळतो. तरीही हा योगायोगच होय, कारण बाकीच्या शब्दांत अशी जुळणी कोणत्याही नियमाने होत नाही. एकुलत्या एका अक्षराच्या शब्दांत असे योगायोग घडणे फार सोपे असते, आणि लोलो भाषांत बहुतेक शब्द एकुलत्या एका अक्षराचेच असतात.

मग सूर? शब्दाचा अर्थ बदलणारी आवाजाची उंची, म्हणजे येथे सूर. लाहूत सात सूर मानतात. त्यांतील पाच मुक्त अक्षरांचे आणि दोन कंठद्वार मिटून संपणाऱ्या अक्षरांचे. ही बाब मराठी वाचकास विलक्षण वाटते व त्यामुळे ती शाखेची खूण म्हणून मनात ठसते. परंतु चिनी, थाई, म्याओ व व्हिएतनामी या भाषाही सूरयुक्त आहेत आणि त्या सर्व एका कुलातील नाहीत. संख्येनंतर वस्तूचा वर्ग दाखविणारा शब्द घालण्याची रीतही त्या सर्व प्रदेशात आढळते. ही प्रदेशाची वैशिष्ट्ये आहेत. आपल्याकडे ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील दोन च-कारांचा भेद मराठीत आहे, कोकणीत आहे, आणि तेलुगूतही तसाच भेद आहे. त्यावरून तेलुगू व मराठी यांस एका शाखेत कोणी घालीत नाही. त्याच न्यायाने केवळ सूर आहे म्हणून लोलो शाखा सिद्ध होत नाही.

येथवर सर्व नकारच झाला. लोलो शाखेचे आणि ब्रह्मीशी असलेल्या तिच्या नात्याचे ज्यावर खरे समर्थन होऊ शकते तो पुरावा मात्र सुरांतच दडलेला होता. सूर असण्यात नव्हे, सुरांच्या नियमबद्ध वाटणीत तो सापडला. हा शोध तिबेटी-ब्रह्मी अभ्यासाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर प्रकरणांपैकी एक आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे.

१९६७ मध्ये रॉबिन्स बर्लिंग यांनी ब्रह्मी, आत्सी, मारू, लिसू, लाहू आणि आखा या सहा भाषांच्या आधारे ‘आदि लोलो-ब्रह्मी’ भाषेची पुनर्रचना प्रसिद्ध केली. ध्वनिसंवादांची शिस्तवार मांडणी हा या छोट्या ग्रंथाचा मोठा गुण. परंतु बर्लिंग यांनी ब्रह्मीच्या जुन्या लेखनापेक्षा आजच्या बोलीवर भिस्त ठेविली. हा निर्णय तत्त्वनिष्ठ होता, पण महागात पडला. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या म्याझेदी शिलालेखापासून ब्रह्मीचे लेखन उपलब्ध आहे आणि आजच्या उच्चारात नष्ट झालेली कितीतरी व्यंजने त्यात शाबूत आहेत. आपल्याकडे शिलालेख आणि महानुभाव पोथ्या बाजूस सारून केवळ आजच्या बोलींवरून जुनी मराठी उभी करण्याचे कोणी मनावर घ्यावे, तसा हा प्रकार झाला.

जेम्स मॅटिसॉफ यांनी हेच वर्म ओळखले. १९७२ च्या त्यांच्या निबंधात त्यांनी जुने ‘-प्, -त्, -क्’ यांनी संपणारे शब्द घेतले. लाहूत ही व्यंजने कंठद्वाराच्या मिटण्यात विलीन झाली आहेत, आणि असे शब्द दोन सुरांत वाटले गेले आहेत, एक उंच व एक नीच. पुढील शब्द पाहावेत. ‘हात’ : ब्रह्मी लेखनात लाक्, तिबेटीत लग्, लाहूत नीच सुरातील ‘ला’. ‘डुक्कर’ : ब्रह्मी वाक्, तिबेटी फग्, लाहूत नीच सुरातील ‘वा’. ‘काळा’ : ब्रह्मी नाक्, लाहूत उंच सुरातील ‘ना’. ‘डोळा’ : ब्रह्मी म्याक्, तिबेटी मिग्, लाहूत उंच सुरातील ‘मॅ’. हात नीच आणि डोळा उंच, असे का? शब्दाच्या अर्थात याचे कारण नाही, आणि शेवटच्या व्यंजनातही नाही, कारण ते सर्वत्र एकच आहे. कारण शब्दाच्या आरंभी होते आणि ते आरंभ आता उरलेले नाहीत. ज्या शब्दांच्या मागे पूर्वी ‘स-’ सारखा किंवा कंठ्य पूर्वप्रत्यय होता त्यांना उंच सूर मिळाला. जे उघड्या अनुनासिकाने अथवा अंतस्थाने सुरू होत होते ते नीच राहिले.

या उपपत्तीची खात्री एका जोडीने पटते. लाहूत ‘कोंबडी’ आणि ‘विणणे’ या दोन्ही अर्थांचा शब्द घशात घासून निघणाऱ्या ‘ग़ा’ या एकाच अक्षराने होतो. कोंबडी उंच सुरात, विणणे नीच सुरात. बाकी फरक काही नाही. केवळ लाहू ऐकणाऱ्यास हा भेद आकाशातून पडल्यासारखा वाटेल. आता ब्रह्मीचे जुने लेखन उघडा. तेथे कोंबडी ‘क्राक्’ आहे आणि विणणे ‘राक्’. लाहूने ‘क्’ गमावला, परंतु गमावताना त्याची आठवण सुराच्या रूपाने ठेवून दिली. दोन भाषा एकमेकींपासून शेकडो वर्षे दूर गेल्या. एकीने लेखनात व्यंजन जपले, दुसरीने आवाजाच्या उंचीत ते जपले, आणि दोहोंची साक्ष एकमेकींशी जुळते. असे एक नव्हे तर कितीतरी शब्द त्याच नियमाने लागतात. याला पुरावा म्हणतात.

‘क्राक्’ आणि उंच ‘ग़ा’ हे शब्द कानाला मुळीच सारखे लागत नाहीत, ही गोष्ट विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी. २४१ शब्दांच्या यादीत ते समोरासमोर आले असते तर ‘साम्य नाही’ असा शेरा पडला असता. आणि नकारार्थी ‘म’ व संस्कृत ‘मा’ यांच्यापुढे ‘साम्य आहे’ असा. दोन्ही शेरे चुकीचे ठरले असते.

हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही. हस्त, कर्ण, कर्म या संस्कृत शब्दांची प्राकृतात हत्थ, कण्ण, कम्म अशी रूपे झाली आणि मराठीत हात, कान, काम. जोडव्यंजनाचा एक घटक गेला, परंतु जाताना मागील स्वर दीर्घ करून गेला. पंजाबीने ‘हत्थ’ तसेच ठेवले. पंजाबीतच दुसरीकडे लाहूसारखी घटना घडली आहे : ‘घोडा’ या शब्दातील महाप्राण घोष वर्ण मावळला, आरंभी ‘क’ ऐकू येऊ लागला आणि शब्दाला नीच सूर आला. म्हणजे आर्यभाषांतही व्यंजनाच्या ऱ्हासातून सूर जन्मास येऊ शकतो. व्हिएतनामीविषयी हीच गोष्ट ओद्रिकूर यांनी १९५४ मध्ये दाखविली, आणि सूर हा कुलाचा अनादि गुणधर्म होय हा समज त्या वेळेपासून ढासळत गेला.

ब्रॅडली यांचा १९७९ चा ‘आदि-लोलो’ वरील ग्रंथ या पायावर उभा आहे. शाखेचे उत्तर, मध्य व दक्षिण असे विभाग त्यांनी केले. उत्तरेत नोसू, मध्यात लिसू व लाहू, दक्षिणेत आखा, हानी, बिसू इत्यादी. ग्रंथ परिश्रमाचा आहे व शब्दसामग्री विपुल आहे. परंतु आमच्या मते जी कसोटी संपूर्ण शाखेला लावली गेली, तीच उपशाखांना तितक्या कठोरपणे लावलेली दिसत नाही. लाहूला मध्य विभागात बसविण्याची कारणे त्या मानाने विरळ वाटतात. आणि भाषांचा भूगोल व भाषांची वंशावळ इतक्या नीटनेटक्या जुळलेल्या दिसल्या म्हणजे समीक्षकाने सावध व्हावे हेच बरे. शेजारी राहणाऱ्या भाषा एकमेकींचे घेत राहतात. दिशांची नावे दिलेले विभाग पुष्कळदा केवळ शेजाराचे वर्णन असतात.

नाशीच्या बाबतीत मात्र कसोटी पुरती लागली. खुद्द ब्रॅडली यांनीच १९७५ मध्ये नाशी ही लोलो-ब्रह्मीची थेट सदस्य नव्हे असे प्रतिपादन केले होते. पुढे २०११ मध्ये ग्विओम जाक आणि आलेक्सी मिशो यांनी नाशी, ना आणि लाजे या तीन अत्यंत झिजलेल्या भाषांचा ध्वनि-इतिहास मांडून त्यांचा स्वतंत्र गट केला. व्यंजने झिजली, शेवटची अक्षरे गळाली, उरला तो स्वर आणि सूर. अशा भाषेत साम्य शोधू गेल्यास कोणाशीही सापडते. नियम शोधू गेल्यास महिने जातात. त्या लेखाचे मोल त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या संयमात अधिक आहे.

आता एका मोठ्या परिणामाकडे वळू. लोलो आणि ब्रह्मी यांच्या साधेपणाने तिबेटी-ब्रह्मी कुलाविषयीची आपली संपूर्ण कल्पना रंगविली. क्रियापदाला पुरुषवाचक प्रत्यय नाहीत, रूपावली नाहीत, म्हणून कुलाचे मूळ स्वरूप असेच असावे असे गृहीत धरले गेले. मग नेपाळ व हिमालयातील ज्या भाषांत क्रियापद कर्त्याची व कर्माचीही खूण अंगावर वागविते त्यांचे काय करावयाचे? हॉजसन यांनी एकोणिसाव्या शतकात अशा भाषांस सर्वनामयुक्त म्हणून वेगळे काढले होते. कोनोंनी असा निर्णय दिला की, हा गुण मुंडा भाषांच्या अधःस्तरातून आला असावा. चौथा खंड त्यांच्याच हातात असल्यामुळे मुंडा क्रियापदांची वैभवशाली रूपे त्यांच्या डोळ्यांपुढे होती, आणि साम्य दिसले. ही उपपत्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली.

तथापि युजीनी हेंडरसन यांनी १९५७ मध्ये चिन गटातील एका भाषेत याच प्रकारची क्रियापदे दाखविली. आणि सिच्वानमधील ग्यारोंग भाषेत, जेथे मुंडा भाषांचा वाराही पोचला नसेल, अशा रूपांचे भरघोस पीक आढळले. १९७५ मध्ये जेम्स बाउमन यांनी, व पुढे स्कॉट डिलान्सी आणि जॉर्ज व्हान ड्रीम यांनी, ही रूपे कुलाचा प्राचीन वारसा आहेत असा पक्ष घेतला. रँडी लापोला यांनी त्यास कडवा विरोध केला असून वाद मिटलेला नाही. आम्ही पहिल्या पक्षाकडे झुकतो. या वादात कोणाचीही सरशी होवो, कोनोंच्या मूळ युक्तिवादातील दोष त्याने झाकला जात नाही. त्यांनी अभावाला प्राचीनता मानले. लोलो भाषांत क्रियापद उघडेबोडके आहे, यावरून ते नेहमीच तसे होते हे सिद्ध होत नाही. ज्या भाषांनी ‘क्राक्’चे ‘ग़ा’ केले त्यांनी क्रियापदाचे शेपूट जपून ठेवले असेल, असे कशावरून? ब्रह्मी-लोलो आणि ग्यारोंगसारख्या भाषा एका मोठ्या शाखेत येतात, असे काही अभ्यासक आता म्हणू लागले आहेत. ते खरे ठरल्यास लोलोचा साधेपणा हा सरळसरळ ऱ्हासाचा परिणाम ठरेल.

हीच मोजपट्टी आमच्या बोलींना लावली गेली, असे प्रारंभी म्हटले. सातव्या खंडात कोनोंनी कोकणीस मराठीच्या बोलींत गणले. १९४२ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी कोकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिचा वेगळेपणा प्रतिपादिला. त्यांच्या निष्कर्षाशी सहमत होणे वा न होणे हा प्रश्न अलाहिदा. परंतु त्यांनी वाद ध्वनिपरिवर्तनाच्या भूमीवर आणला हे मान्य केले पाहिजे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीसंबंधी तेच केले होते. त्यानंतर मराठी-कोकणी वादात जे लिहिले गेले त्यातील बराचसा भाग मात्र पुन्हा याद्यांकडे परतला. दोन्ही पक्षांच्या याद्या लांबलचक आहेत आणि दोन्ही पक्षांच्या याद्यांतील शब्द खरे आहेत. कोणता शब्द वारशाने आला, कोणता परिवर्तन दोघांनी मिळून केल्याची खूण आहे, आणि कोणता शेजाऱ्याकडून घेतला, ही छाननी मात्र झालेली नाही.

दक्षिण महाराष्ट्रात ही छाननी अधिकच अवघड होते. सांगलीजवळच्या कुपवाडविषयी गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा निबंध या विभागातील प्रत्येकाने वाचलेला असेल. मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्यरचना त्या गावात इतकी जवळ आली की शब्दाच्या जागी शब्द ठेवून भाषांतर करता यावे, असे त्यांनी दाखविले. पुढे २०१६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी या प्रतिमानाचा चिकित्सक फेरविचार केला. वंश वेगळा असूनही ठेवण एक होऊ शकते, याचे उदाहरण युन्नानात शोधायला जाण्याची आम्हांस गरज नाही. मग ठेवण सारखी आहे एवढ्यावरून वंश एक म्हणण्याचे धाडस आम्ही का करतो? चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तेथील बोलीच्या शेजारी कानडी आहे, कोकणी आहे, आणि घाटावरची मराठीही आहे. अशा बोलीतील शंभर शब्द घेऊन ‘शेकडा इतके मराठी, शेकडा इतके कोकणी’ असा हिशेब मांडणारे प्रबंध आम्ही परीक्षक म्हणून वाचले आहेत. त्यांतील कष्ट खरे असतात. परंतु टक्केवारीला ‘क्राक्’ आणि ‘ग़ा’ दिसत नाहीत. जे दोन शब्द मुळीच जुळत नसताना नियमाने जुळतात, तेच तिच्या हातून निसटतात. पन्नास शब्दांची का होईना, परंतु ज्यात प्रत्येक ध्वनीचा हिशेब लागतो आणि न लागणारे शब्द वेगळे काढून त्यांचे कारण दिलेले असते, अशी तुलना आम्ही अशा प्रबंधापेक्षा वरच्या श्रेणीत घालू.

लोलो शाखा भारताबाहेरची, असे येथवर आम्ही जवळजवळ धरूनच चाललो. ते पूर्णपणे खरे नाही. अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, ब्रह्मदेशाच्या सीमेला भिडलेल्या विजयनगर परिसरात, लिसू लोक राहतात. तेथे त्यांना योबिन असेही म्हणतात. त्यांच्या भाषेसाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक लिपी तयार करण्यात आली. ती रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांची आहे. काही अक्षरे सरळ, काही उलटी. सूर दाखविण्यासाठी वेगळी अक्षरे न घडविता साधी विरामचिन्हेच वापरली, म्हणून पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांनी तेथे वाक्य न संपता सूर बदलतो. ब्रह्मी लेखनात जे व्यंजन आठशे वर्षे शिळेवर कोरलेले राहिले, त्याचे उरलेले चिन्ह लिसूच्या पानावर कधी कधी एवढेच असते : ओळीच्या मध्यावर पडलेला एक ठिपका.